परदेशी गेलेल्या आजीचं आयुष्य कसं लिहावं

सगळ्यात आधी एक वही घ्या. पहिल्या पानावर प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, त्यागमूर्ती आणि अन्नपूर्णा हे शब्द लिहा आणि सगळ्यांवर काट मारा. आजीबद्दल लिहायला बसलं की हेच शब्द आधी धावत येतात, आणि ते आले की लिहिणाऱ्याला वाटतं झालं आपलं काम. माझ्या आजीच्या शोकसभेत बरेच जण बोलले, मनापासून बोलले. पण त्यातली निम्मी भाषणं कुठल्याही आजीला चालली असती.

माझी आजी म्हणजे आईची आई. जन्म वाईचा, शिक्षण मराठी सातवी, म्हणजे तेव्हाची व्हर्नाक्युलर फायनल. १९७० साली धाकट्या दोन मुलांना घेऊन ती आजोबांच्या मागोमाग अमेरिकेला गेली. जर्सी सिटीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहिली, चाळिशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकली, पुढे अर्ध्या मराठी मंडळाची मुलं सांभाळली आणि २०२४च्या फेब्रुवारीत गेली. तिच्या वर्षश्राद्धाला मी एक पुस्तिका काढली. ती पाहून ओळखीतल्या बऱ्याच जणी ‘आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात कागदांपासून करा. आठवणी नंतर. आठवणी आधी गोळा केल्या की त्यांचा साचा डोक्यात पक्का बसतो आणि मग कागद त्या साच्यात कोंबायचा मोह होतो.

एका मोठ्या कागदावर तीन उभे रकाने आखा. पहिल्यात साल आणि तिचं वय, दुसऱ्यात ती कुठल्या घरात राहत होती आणि घरात कोण कोण होतं, तिसऱ्यात बाहेर काय चाललं होतं. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात, पण तोच कामाचा. आमचे आजोबा १९६८ सालीच अमेरिकेला का गेले? घरात सगळ्यांना वाटायचं, आजोबांच्या हुशारीमुळे. हुशार ते होतेच. पण १९४६च्या कायद्याने भारतातून वर्षाला अवघ्या १०० जणांना अमेरिकेत कायमचं जाता येत होतं. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, देशवार कोट्याची ती जुनी पद्धत मोडली आणि १ जुलै १९६८ पासून नवी पद्धत पूर्ण लागू झाली. इंजिनिअर, डॉक्टर भराभर निघाले ते त्यानंतर. आजोबा त्या लाटेतले. हे तिसऱ्या रकान्यात लिहिलं की आजीचं जाणंही नुसतं नशिबाचं राहत नाही.

आता जन्मतारीख. सोपी वाटते, नसते. आजीच्या सगळ्या अमेरिकन कागदांवर १ जून १९३४ आहे. त्या पिढीत १ जून दिसला की सावध व्हा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि नाव घालताना वय भरावं म्हणून गुरुजी सर्रास १ जून टाकून द्यायचे. तिची पत्रिका मामाआजोबांच्या, म्हणजे तिच्या भावाच्या कपाटात निघाली. तिच्यावर शके १८५५, मार्गशीर्ष. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला जन्म असेल तर ७९. म्हणजे आजी १९३३च्या अखेरीस जन्मली. गेली तेव्हा अमेरिकेच्या हिशेबात ती एकोणनव्वदची होती, पत्रिकेच्या हिशेबात नव्वदची. पुस्तिकेत दोन्ही तारखा द्या आणि कुठली कुठून आली ते सांगा. पत्रिका नसेल तर गावच्या प्राथमिक शाळेत जा आणि जनरल रजिस्टरचा उतारा मागा. जात पडताळणीमुळे शाळांना हे उतारे द्यायची सवय झालेली असते. त्यात आजीचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि शाळा कधी सोडली ते मिळतं. शाळा सोडण्याचं कारणही असतं, तेही वाचा.

नावांची एक वेगळी यादी ठेवा. आमची आजी माहेरी एका नावाची, सासरी दुसऱ्या. पासपोर्टवर सासरचं, तेही इंग्रजी स्पेलिंगच्या वेगवेगळ्या अवतारांत. कारखान्यात तिला सगळे तिसऱ्याच नावाने हाक मारत, कारण तिथल्या सुपरवायझरला दोन्ही जमत नव्हती. यातलं कुठलंही नाव माहीत नसेल तर पुढे कागद शोधताना अडणार. आणि घरात कुलवृत्तांत असेल तर जरूर पाहा, पण त्याच्यावर भरवसा ठेवून बसू नका. आमच्यात आजोबांना अर्धं पान आहे आणि आजीला अर्धी ओळ, तीही माहेरच्या आडनावापुरती.

अमेरिकन कागदांमध्ये सगळ्यात मोलाची तिची इमिग्रेशनची फाइल. तिकडे तिला ‘ए-फाइल’ म्हणतात. ग्रीन कार्डावर ‘ए’ने सुरू होणारा एक क्रमांक असतो, त्याच क्रमांकाची. या फायली १९४४ पासून ठेवल्या आहेत. आजी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडून, तिथल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली यूएससीआयएस या इमिग्रेशन आणि नागरिकत्वाच्या खात्याकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. वकील लागत नाही, धीर लागतो. जिच्या जन्माला शंभर वर्षं होऊन गेली, तिची फाइल राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेलेली असू शकते, तेव्हा तिथेही विचारा. आमच्या फायलीत आजीचा व्हिसाच्या वेळचा फोटो निघाला. डोक्यावरून पदर, नजर थेट कॅमेऱ्यात. हा फोटो घरात कुणीही पाहिलेला नव्हता. व्हिसाच्या अर्जात व्यवसायापुढे ‘गृहिणी’ आणि १९७७च्या नागरिकत्वाच्या अर्जात ‘पॅकर’. मी पुस्तिकेत हे दोन शब्द तारखांसकट एकाखाली एक छापले. त्यावर मी काही लिहावं असं मला वाटलं नाही.

सोशल सिक्युरिटी नंबरासाठी तिने भरलेल्या मूळ अर्जाची प्रतही शुल्क भरून मागता येते. त्यात आईवडिलांची नावं आणि जन्मगाव असतं. जनगणनेच्या मागे मात्र लागू नका. तिथली माहिती ७२ वर्षं बंद असते, १९७०ची पानं २०४२ साली उघडतील. मृत्यूच्या दाखल्यावरही फार विसंबू नका. त्यातली आजीच्या आईवडिलांची नावं दुःखात असलेल्या कुणीतरी घाईत सांगितलेली असतात.

जुने पासपोर्ट कुणी टाकून दिले नसतील तर ते सोन्याहून पिवळे. माझ्या आईला लख्ख आठवायचं की १९७४ साली आजी पहिल्यांदा परत आली ती तीन महिने राहिली. पासपोर्टवर सांताक्रूझ विमानतळाचे दोन शिक्के आहेत, येतानाचा आणि जातानाचा. मध्ये सव्वीस दिवस. मी आईला ते दाखवलं. ती बराच वेळ शिक्के बघत बसली आणि म्हणाली, “तीनच महिने होते.” पुस्तिकेत दोन्ही आहे. असं होतं तेव्हा कागद खरा ठरवून आठवण खोडू नका. सव्वीस दिवस तीन महिन्यांएवढे का झाले, हा आजीबद्दलच्या माहितीचाच भाग आहे.

आता पत्रं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा.

आजी अमेरिकेला गेली तेव्हा माझी आई चौदा वर्षांची होती. मराठी माध्यमातली, जुन्या अकरावीच्या एसएससीला दोन-तीन वर्षं उरलेली. मध्येच नेलं तर वर्षं फुकट जातील म्हणून तिला पुण्यात मामाआजोबांकडे ठेवलं. नंतर कॉलेज, नंतर लग्न, आणि आई इथलीच झाली. त्यामुळे आजीची निळी एअरोग्रॅम्स, म्हणजे घडी घालून चिकटवायची हवाई टपालाची पत्रं, आईकडे एका ट्रंकेत आहेत. मामाआजोबांना आलेली वेगळी, त्यांच्या घरी. तुमच्याकडेही पत्रं अशी दोनतीन घरांत विखुरलेली असणार. ती मागताना ‘मला द्या’ असं म्हणू नका. ‘तुमच्यासमोर बसून फोटो काढते आणि परत ठेवते’ म्हणा. माणसं जुनी पत्रं सोडायला तयार नसतात आणि त्यात गैर काही नाही.

एअरोग्रॅम उलगडताना घडीवर जोर देऊ नका, कागद तिथेच फाटतो. दोन्ही बाजू स्कॅन करा आणि चिकटवायची पट्टीसुद्धा, कारण जागा संपली की बायका तिथे लिहीत. आजीच्या पत्रांतल्या महत्त्वाच्या गोष्टी नेहमी कडेला, आडव्या, बारीक अक्षरात असतात. वर तारीख नसेल तर पोस्टाचा शिक्का पाहा. मग टाइप करा, जसंच्या तसं. तिचं शुद्धलेखन सुधारू नका. ‘चि. हीस अनेक उत्तम आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम’ हा मायनाही प्रत्येक वेळी टाइप करा. कंटाळा येईल, पण ज्या दिवशी तो मायना गाळून आजीने थेट विषयाला हात घातला, ते पत्र त्यामुळेच तुमच्या लक्षात येईल.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या माणसांना लिहिलेली पत्रं शेजारी ठेवून वाचा. १९७१च्या जानेवारीत आजीने माझ्या आईला लिहिलं की बर्फ फार सुंदर दिसतो, धाकटीने त्याचा गणपती केला. त्याच आठवड्यात भावाला लिहिलं की कारखान्यात तासाला पावणेदोन डॉलर देतात, आठ तास उभं राहावं लागतं, पाय सुजतात, हे मुलीला कळवू नये. तेव्हा तिथलं किमान वेतन तासाला १.६० डॉलर होतं, आणि डॉलर साडेसात रुपयांचा. म्हणजे तासाला तेरा रुपये. भारतातून निघताना परकीय चलन म्हणून आठ डॉलर हातात पडायचे त्या काळात ही रक्कम पुण्यात बसून वाचणाऱ्याला अफाट वाटली असणार. आजीला तिथलं भाडं माहीत होतं. हे आकडे शोधून पत्राखाली बारीक अक्षरात द्या, म्हणजे आजच्या वाचणाऱ्याला पावणेदोन डॉलर म्हणजे काय ते समजेल. पाय सुजल्याचं वाक्य मात्र तिचंच राहू द्या.

फोटोंचं काम तुलनेने सरळ आहे. त्या काळच्या अमेरिकन प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर बहुधा महिना आणि साल छापलेलं असतं. स्लाइड असेल तर पुठ्ठ्याच्या चौकटीवर. ती तारीख फिल्म धुतल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. दिवाळीचा रोल मार्चमध्ये धुतलेलाही सापडतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा पातळ दोरा खालून हळूहळू सरकवा. नाही निघाला तर पानासकट स्कॅन करा. प्रिंट ६०० डीपीआयला, स्लाइड आणि निगेटिव्ह त्याहून बऱ्याच जास्त रिझोल्यूशनला. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नव्हे. प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात.

फोटो पाहताना माणसांबरोबर वस्तूही पाहा. आजीच्या पहिल्या हिवाळ्यातल्या फोटोत साडीवर कोट आहे आणि कोटाची बटणं पुरुषी बाजूला. म्हणजे कोट आजोबांचा. दुसऱ्या हिवाळ्यात तिचा स्वतःचा. पहिला पगार कशावर गेला ते मला असं कळलं.

आता माणसांशी बोलायला हरकत नाही, कारण विचारायला तुमच्याकडे काहीतरी नेमकं आहे. ‘आजी कशी होती?’ असं विचाराल तर वहीच्या पहिल्या पानावरचे काट मारलेले शब्दच परत येतील. ती पैसे कुठे ठेवायची, फोनवर आवाज कुणाशी बोलताना बदलायचा, कुणाशी अबोला धरला होता, गाडी शिकवली कुणी आणि ती पहिल्यांदा एकटी कुठे गेली, असं विचारा. (शेवटच्याचं उत्तर मला मावशीकडून मिळालं. आजी पहिल्यांदा एकटी ग्रंथालयात गेली. मराठी पुस्तकं तिथे नव्हतीच. ती शिवणकामाची चित्रं बघून आली.) प्रत्येकाशी वेगळं बोला. भावंडांना एकत्र बसवलं की जो मोठ्याने बोलतो त्याची आजी उरते.

आजी हयात असेल तर हे सगळं सोडून आधी तिच्याकडे जा. फोन टेबलावर ठेवा, रेकॉर्डिंग करते आहे हे सांगा आणि तिच्या हाताला काम द्या. भाजी निवडताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर मुलाखतीत बोलत नाही. पाऊण तास पुरे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागली तर थांबवू नका, दुसऱ्या वेळी तपशील बदलतात. तिथे जन्मलेल्या नातवंडांना इंग्रजीतच बोलू द्या.

तिसरा रकाना इथेही उपयोगी पडतो. १९८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाने भारतीयांना धमकावणारी टोळी होती. नाव कपाळावरच्या कुंकवावरून घेतलेलं. त्यांचं धमकीचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं, मारहाणी झाल्या, एका भारतीय माणसाचा जीव गेला. आजीच्या कुठल्याही पत्रात याचा उल्लेख नाही. मी मामाला विचारलं तर तो म्हणाला, आजीने कुंकू एक दिवसही सोडलं नाही. मावशी म्हणते, बसस्टॉपवर पुसायची आणि कारखान्याच्या बाथरूममध्ये परत लावायची, तिने स्वतः पाहिलंय. त्या वर्षीच्या फोटोंत कपाळ कधी भरलेलं, कधी मोकळं. मी दोघांचं म्हणणं त्यांच्या नावांनिशी छापलं. मामाला ते आवडलं नाही. बरोबर कोण हे ठरवणं तुमचं काम नाही, पण एकाचं म्हणणं दडपणंही नाही.

माहिती मिळवायचं आणखी एक ठिकाण म्हणजे महाराष्ट्र मंडळांच्या जुन्या स्मरणिका. उत्तर अमेरिकेतल्या या मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं आणि त्याची अधिवेशनं दर दोन वर्षांनी भरतात. गावोगावच्या मंडळांच्या गणेशोत्सवाच्या पुस्तिका बहुतेक कुणाच्या तरी तळघरात असतात. त्यांत कमिटीची नावं पुरुषांची असतात, आणि स्वयंपाकाच्या यादीत बायकांची. ती यादी आधी वाचा. दोनशे माणसांच्या पुऱ्या कुणी लाटल्या ते तिथे लिहिलेलं असतं.

लिहायला बसाल तेव्हा एका जागी नक्की अडाल. प्रत्येक घरात ती जागा वेगळी असते. आमच्याकडे ती म्हणजे माझ्या आईला मागे ठेवणं. मंडळातल्या लोकांना आजी आठवते ती दुसऱ्यांच्या मुलांना जिवापाड सांभाळणारी म्हणून, आणि ते शंभर टक्के खरं आहे. माझ्या आईने तिची दहा पत्रं न उघडता ठेवली होती, हेही खरं आहे. पुस्तिकेत हे कसं घ्यायचं यावर आमच्या दोनतीन बैठका झाल्या. शेवटी मी आजीचं १९७२चं एक पत्र पूर्ण छापलं आणि समोरच्या पानावर आईला जे सांगायचं होतं ते, तिच्याच शब्दांत, तिने मंजूर करून. मध्ये मी कुठेही आले नाही. तुमच्या घरातल्या अशा जागेवर ‘त्या काळी असंच असायचं’ हे वाक्य लिहू नका. ते खरं असलं तरी त्याच्याने पुढचं बोलणं बंद होतं.

काय छापायचं नाही तेही ठरवा. ए-क्रमांक, सोशल सिक्युरिटी नंबर, आजारपणाचे कागद, कुणाला किती पैसे उसने दिले होते ते. हयात माणसाबद्दलचा मजकूर आधी त्यांना वाचायला द्या. ‘नको’ म्हणाले तर काढा, पण मूळ टिपण घरच्या फायलीत राहू द्या.

आकाराबाबत माझं मत ठाम आहे. चाळीस पानांच्या वर जाऊ नका. जाड ग्रंथ शोकेसमध्ये जातो, पातळ पुस्तिका वाचली जाते. अक्षर मोठं, चौदा पॉइंटच्या खाली नको, कारण पहिले वाचक सत्तरीचे असतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा म्हणजे पुढे कुणाला शोधता येईल. तिकडच्या पतवंडांसाठी इंग्रजी करायचं तर सगळ्याचं करू नका. पत्रं, तीन रकान्यांचा कालपट आणि नावांची यादी एवढं पुरतं. स्कॅन केलेली सामग्री बाहेरच्या लोकांनाही खुली करायची असेल तर फिलाडेल्फियाची ‘साडा’ ही संस्था आहे. दक्षिण आशियाई अमेरिकनांचं हे डिजिटल संग्रहालय २००८ साली सुरू झालं. मूळ कागद घरीच राहतात, ते प्रती ठेवतात. स्थलांतरितांच्या अमेरिकेतल्या पहिल्या दिवसांच्या आठवणी ते वेगळ्या गोळा करतात. घरच्यांची परवानगी मात्र आधी घ्या.

पहिल्या खेपेला थोड्याच प्रती काढा. वर्षश्राद्धाला वाटल्या की संध्याकाळपर्यंत दुरुस्त्या येतात. अमुक फोटोतली ती नव्हे, तिची जाऊ. अमुक घर दुसऱ्या मजल्यावर होतं. या दुरुस्त्या सांगणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट एका वहीत उतरवा, आणि दुसरी खेप छापायची घाई करू नका. आमच्याकडे अजून येताहेत.